उलट्या पट्टीचा कोट

५ जानेवारी, रविवार
गिरगावात कर्णिकांकडे. जुनी खेळणी जमवणाऱ्या आमच्या ग्रुपचे हे स्वयंघोषित सरपंच. महिनाअखेर यादी पक्की करायची म्हणतात. मुंबईत बनायचा तो बारा इंची सैनिक, त्याचे कपडे, कुठला अस्सल, कुठला नकली, सगळं फोटोसकट. टोप्या, पट्टे, बूट त्यांच्याकडे. कोट माझ्याकडे.

भांडण एकाच कोटावर. उलटा. इथे नुसतं 'उ.' लिहीन, हात दुखतो. बाकी सगळ्या कोटांची डावी पट्टी उजवीवर येते, पुरुषांच्या शर्टासारखी. उ.ची उजवी पट्टी वर, बायकांच्या ब्लाउजसारखी. खाकी तीच, पितळी टिचबटणं तीच, आतली हिरवी पट्टीसुद्धा तीच.

कर्णिक म्हणाले, "सैनिकाच्या कोटाला कोण बायकी पट्टी लावेल हो, सुहास? घरगुती आहे तो. काढून टाका."

काढून टाका म्हणे. सगळ्या ग्रुपमध्ये उ. एकच, तो माझा. वाद घालायचा होता, पण त्यांच्या बायकोने साबुदाण्याची खिचडी आणून ठेवली आणि माझं तोंड भरलं. परत येताना ठाकूरद्वारपर्यंत एकटाच बडबडत चाललो होतो. लोक बघत होते.

८ जानेवारी, बुधवार
दुकानात लक्ष नाही. दादरला आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवले आणि आज एका बाईंची फ्रेम दुसऱ्याच बाईंना दिली. शेठनी स्वतः उठून दोघींची माफी मागितली. मला बोलले असते तर बरं.

डोक्यात एकच किडा. उ. आमच्या घरात आला कसा? माझ्याकडे सैनिकाच्या आधी कोट होता! सैनिक मी पहिल्या पगारात घेतला. कोट त्याआधी कितीतरी वर्षं, गिरणी बंद पडून बाबा घरी बसले तेव्हापासूनचा. तो मी खोबरेल तेलाच्या बाटलीला घालायचो. कुठून आणला विचारलं की आई आपल्या मालवणीत म्हणायची, "सापडलो."

आणखी एक. त्या दिवसांत तांदळाच्या डब्याला कुणी हात लावलेला आईला चालायचा नाही. एकदा मी झाकण उघडलं तर पाठीत धपाटा बसला होता. तांदळासाठी कोण मारतं?

आणि बाबा. मरेपर्यंत दहा जणांत सांगायचे, "गिरणी गेली, पण माझ्या बायकोला कुणाचं काम करायची पाळी आली नाही." आई तिथेच असायची. मान हलवायची.

मग आम्ही खात काय होतो?

१२ जानेवारी, रविवार
आज विचारलंच. उ. तिच्या हातात दिला. म्हटलं, "आई, हा तू शिवलास का गं?"

डोळ्यांशी नेला, लांब केला. "दिसत नाय रे माका."

"हाताला तर कळेल."

"हाताक काय डोळे असतत? पन्नाशी उलाटली तुझी, बाहुल्येचे कपडे घेवन बसतस. जेव आधी."

मोतीबिंदू पिकलाय हे खरं. पण कालच बायकोने, सुजाताने, आणलेल्या कोथिंबिरीतली पिवळी पानं बरोब्बर वेचून काढत होती. सुजाता स्वयंपाकघरातून म्हणाली, "कशाला छळता त्यांना? ऑपरेशन होऊ दे ना." वीस तारखेला आहे. मग कारण उरणार नाही. असं मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. आईचे डोळे म्हणजे माझ्या कोटाचे साक्षीदार आहेत का?

पण आलं खरं मनात.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगूळ द्यायच्या निमित्ताने भोईवाड्यात शांतामावशींकडे गेलो. आमच्या जुन्या चाळीतल्या, आईच्या मैत्रीण. दोघी मिळून मजल्यावरच्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या, तेवढं मला आठवतं. ते चालायचं, शेजारधर्म म्हणून. पैसे घेतले तरी बाबांना सांगायचं नाही.

उ. खिशातून काढल्याबरोबर मावशी हसायलाच लागल्या. "अगो बाई! हा अजून आहे?"

मग भडाभडा. एक मुकादम कापलेले तुकडे गठ्ठ्यात बांधून आणायचा, दुपारी, पुरुष नाक्यावर जाऊन बसलेले असताना. कोट शिवून परत द्यायचे. "आमचे सगळ्यांचे हात ब्लाउजाचे रे. सवयीने उजवी पट्टी वर. पहिला गठ्ठा सगळा उलटाच गेला. मुकादम असा ओरडला! उसवून परत लावायला लावलं. त्यातले काही तसेच गेले असतील बाजारात."

म्हणजे उ. अस्सल! कारखान्याचाच, फक्त कारखाना आमच्या मजल्यावर होता. मला उड्या माराव्याशा वाटल्या.

"मावशी, आईपण होती ना?"

मावशींचं हसू बंद. वडीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "तुझ्या आईला विचार."

"ती सांगत नाही."

"मग मी कशी सांगू?"

परळपर्यंत चालत आलो. तिथून पुढेही चालतच.

१७ जानेवारी, शुक्रवार
कर्णिकांना फोन केला. मावशींचं सगळं सांगितलं, नाव न घेता.
"ऐकीव आहे," म्हणाले. "शिवणारीने स्वतः ओळखून सांगितलं पाहिजे, हा माझा. मग घेऊ."

शिवणारीने. घरात दहा फुटांवर बसलीय ती, वाल सोलत.

मला नक्की काय हवंय? यादीत नाव? हो, हवंय. पण खरं म्हणजे मला हवंय की एकदा तिने म्हणावं, मी घर चालवलं. बाबा वाईट नव्हते. पण ते वाक्य सांगताना किती ताठ बसायचे, आणि ही त्यांना चहा द्यायची. आता राग येतो. बाबांचा, आणि तिचाही. चाळीस वर्षं कशाला मान हलवायची?

२० जानेवारी, सोमवार
ऑपरेशन झालं. वीस मिनिटांत बाहेर. मीच जास्त घाबरलो होतो. डोळ्यावर पट्टी, हातात नारळपाणी, आणि मला म्हणते, "चेहरो असो कित्याक पाडलंस? माझो डोळो गेलो की तुझो?"

२१ जानेवारी, मंगळवार
दवाखान्यात पट्टी काढली. सुजाताकडे बघून म्हणाली, "गो, तू केवढी सुकलंस." घरी आल्यावर भिंतीला रंग द्यायला हवा म्हणाली. मग बाबांच्या फोटोकडे बराच वेळ बघत बसली. काचेवरची धूळ पदराने पुसली.
मी उ. खिशात घेऊन गेलो होतो. खिशातच ठेवला.

२६ जानेवारी, रविवार
थेंब दिवसातून चार वेळा. वाकायचं नाही, गॅसपाशी जायचं नाही, शिवणटिपण तर नाहीच. दुकानातून जवळच्या नंबरचा तात्पुरता चष्मा आणून दिला. पेपर वाचते आणि चिडते.
आज जेवताना तिच्या ताटाशेजारी उ. ठेवला. तिने बघितला. बघितलाच, मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होतो.
"मीठ दी," म्हणाली.
ताटावरून उठलो, गच्चीत गेलो, खाली आलो, परत गेलो. सुजाता म्हणते, पायाला भिंगरी लागलीय.

२९ जानेवारी, बुधवार
उ. नाही.
कोट ठेवायची डबी उघडी, आत नुसता कापूस. सगळं कपाट बाहेर काढलं. सुजाता म्हणते, तिने हात लावला नाही. आईला विचारलं. खिडकीशी बसली होती, बाबांच्या फोटोकडे पाठ करून.
"माका काय म्हायत? नीट ठेवूक नको?"
कर्णिकांचा मेसेज: शुक्रवारी यादी बंद. उ. ठेवायचा की काढायचा?
कसला ठेवायचा. कोटच नाही. कामवाल्या बाईवर संशय घेतला, मनातल्या मनात. मग त्याचीही शरम.

३० जानेवारी, गुरुवार
सकाळी सुजाताने हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. भातासाठी तांदूळ काढायला गेली, तर मापाला काहीतरी मऊ लागलं. जुन्या रुमालात गुंडाळलेला, तांदळात खोल खुपसलेला. उ.

उलगडून बघितला. उलटा राहिलेला नाही. टिचबटणं उसवून दुसऱ्या अंगाला लावलीत, पट्टी नव्याने दुमडलीय. आता डावी पट्टी वर. इतर कोटांसारखा कोट, कुठेही मिळेल असा. टाके बारीक, एकसारखे. एका डोळ्याने घातलेले, डॉक्टरांनी मनाई केलेली असताना.

मी ओरडणार होतो. आमच्या सबंध ग्रुपमधला एकुलता एक, आणि तिने तो दुरुस्त केला! तोंड उघडलंसुद्धा. पण नजर तांदळाच्या डब्यावर गेली. डबा नवा आहे, घर नवं आहे. लपवायची जागा तीच.

सुजाता हळूच म्हणाली, "त्यांना काही विचारू नका हं." नाही म्हटलं. रुमालात होता तसा गुंडाळला आणि परत तांदळात खुपसला.

३१ जानेवारी, शुक्रवार
संध्याकाळी दुकानातून आलो तर कोट माझ्या डबीत. कापसावर नीट, बटणं लावलेली. आई जपमाळ घेऊन बसली होती. मी डबी उघडल्याचं तिला कळलं.

"सापडलो काय?" माझ्याकडे न बघता म्हणाली.

"सापडला."

मणी ओढत राहिली. मग म्हणाली, "उलट्या अंगान शिवलेलो होतो. तेव्हाच सांगितल्यानी, उसव म्हणान. एक रवान गेलो होतो."

कुणी सांगितलं, कुणाला, एवढं एक वाक्य पुढे यायला हवं होतं. तिने मान वर केली, भिंतीवर बाबांकडे बघितलं, आणि पदर सारखा केला.

"शांता वेंधळी होती," म्हणाली. "तिचोच आसतलो." तिचाच असेल म्हणे.

कर्णिकांचा पुन्हा मेसेज: शेवटचं विचारतो, उ. ठेवायचा की काढायचा? शिवणारी सापडली का?

भिंग टेबलावर आहे. उ.चे जुने फोटो माझ्याकडे आहेत, प्रत्येक टाक्याचे, प्रत्येक गाठीचे. नव्या गाठी कोटावर आहेत. दोन्ही एकाच हाताच्या का, शेजारी शेजारी ठेवून बघायचं, एवढंच.

आई आतून विचारतेय, थेंब कोण घालणार. भिंग तसंच ठेवून उठतोय.