श्राद्धाच्या दिवशीची गोळी

मंगळवार, संध्याकाळ

आज सासऱ्यांचं श्राद्ध. ब्राह्मण जेवेपर्यंत घरात कुणी तोंडात काही घालत नाही. मी सोवळ्यात, चुलीपुढे वडे तळत होते. सकाळची फिटची गोळी राहिली होती. लहानशी, पांढरी. मी ती मागितली.

सासऱ्यांच्या बहीण, आत्याबाई, म्हणाल्या, "एक दिवस नाही घेतली तर काय बुडतं? वर्षभरात फिट कुठे आलीय तुला?"

"गोळीमुळेच आली नाही, आत्याबाई. आज आली तर या तेलात पडेन."

आवाज चढला का माझा? चढला असेल. चढू दे.

सासूबाई साड्यांच्या ओवळ्या कपाटाला शिवल्या, गोळी काढली. "आ कर," म्हणाल्या. मला न शिवता गोळी वरून तोंडात टाकली, पाण्याची धार सोडली.

"अगं वहिनी, तुझं सोवळं!"

"पुन्हा न्हाईन. तिचे वडे करपतायत, ते बघ आधी."

एवढीशी गोळी. पाहुण्यांना दिसू नये म्हणून इतके दिवस साड्यांखाली ठेवत होते. कशासाठी? आता जेवणं आटोपल्यावर पाकीट स्वयंपाकघरात आणलं, कॉफीच्या डब्याशेजारी ठेवलं. आत्याबाईंनी पाहिलं.

"माझ्या कॉफीत साखर कमी घाल," एवढंच म्हणाल्या.