छोटा ठेवावा की मोठा घ्यावा

३ फेब्रु., मंगळवार

ऑफिसातून मॅडमचा फोन. फेब्रुवारीभर तामलवाडीतून काम करून दाखवा. जमलं तर पुढंही तिथूनच, नाही जमलं तर मार्चपासून पुण्यात खुर्चीवर. बाई सरळ आहेत, आडपडदा नाही.

काम तेच, विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायचे. सॉफ्टवेअर पुण्यातल्या संगणकावर चालतं, मी इथून फक्त त्यात डोकावायचं. गावातल्या घरात ते जमतं. अडचण मंगळवार-शुक्रवारची. अण्णांचं डायलिसिस, धाराशिवला, दुपारी एक ते पाच. आई गेल्यापासून घरात ते एकटेच, म्हणून तर मी इथं आले.

आज जुना लॅपटॉप नेला होता. अडीच किलोचं धूड. पाऊण तासात बॅटरीनं मान टाकली. कॉटशेजारच्या प्लगला हात घातला तर सिस्टर म्हणाल्या, "तो मशीनचा आहे, ताई." मशीनला अण्णा जोडलेले. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

लहान, हलका, पाच तास टिकणारा पाहिजे. लवकर.

५ फेब्रु., गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर लॅपटॉप बघत बसले. एकजण म्हणतो लहानच घ्या, दुसरा म्हणतो लहान घेऊन पस्तावलो. ऐकावं जनाचं हे खरं, पण मनाचं आधी ठरायला तर पाहिजे.

संध्याकाळी चुलतभाऊ सतीश आला. "मोठा घे ताई. चार लोकाला दिसाय तर पायजे." त्याच्या घरात टीव्ही खिडकी झाकून बसलाय, तेव्हा त्याच्याकडून दुसरं काही निघणारच नव्हतं.

अण्णा ऐकत होते. शेवटी एवढंच, "दुकानात म्या बी येतो."

६ फेब्रु., शुक्रवार

सकाळच्या गाडीनं निघालो. डायलिसिसच्या आधी मुजीबभाईंचं लॅपटॉपचं दुकान, स्टँडपासून दहा मिनिटं. अण्णांना वीस लागली.

मुजीबभाईंनी दोन समोर ठेवले. एक बारा इंची, एक पंधरा. मी मेमरी, बॅटरी विचारत होते. अण्णांनी बारा इंची उचलला, उघडला, डाव्या हातावर तोलला, पाय फाकून उभे राहिले आणि उजव्या अंगठ्यानं बटणं दाबायला लागले. तीस वर्षं एसटीत कंडक्टर. गाडीला हिसका बसला तरी पडणार नाही, असे उभे. दुकान हलत नव्हतं एवढंच.

"चाचा, बसून वापरायची चीज हाय ती."

"बसायला जागा कुठं मिळती दरवेळी?"

मग पंधरा इंची उचलला. हात थरथरला, लगेच खाली ठेवला. "ह्यो न्हाय."

बारा इंची घेतला. खरं सांगायचं तर त्या थरथरीवरच ठरलं, मेमरीबिमरी नंतर. मुजीबभाई म्हणाले, "पुढच्या शुक्करवारपर्यंत वापरून बघा. न्हाय जमला तर मोठा घेऊन जावा. खोकं जपा फक्त, ओरखडा नको."

दिवसभराची रजा टाकली होती. अण्णा कॉटवर झोपले, मी माहितीपत्रक वाचलं.

७ फेब्रु., शनिवार

घरी जोडून बघितला. जोडणी झकास. पण ऑफिसातला पडदा दोन हात रुंद, तो इथं वहीएवढ्यात मावतो. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मोठी केली तर निम्मा फॉर्म बाहेर जातो. सवय होईल, असं स्वतःला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, म्हणजे शंका आहे.

१० फेब्रु., मंगळवार

पहिला खरा दिवस. स्टुलावर बसून, मांडीवर लॅपटॉप, मोबाईलचं नेट. एकदाही तुटलं नाही. चार तासांनीही बॅटरी शिल्लक. तेवीस फाइली. पुण्यातसुद्धा दुपारी एवढ्या होत नाहीत. खूश होते.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "काकांच्या पायात गोळे आले होते मघाशी. चांगले कळवळले. मी चोळून दिले."

मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

"मला हाक मारायची की," असं मी बसमध्ये म्हणाले. अण्णांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं.

११ फेब्रु., बुधवार

मॅडमचा फोन. कालच्या तेविसात एक चूक. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन, मी उजवा मंजूर केलाय. यादीतली खालची ओळ निवडली गेली.

"स्क्रीन केवढा आहे तुमचा?"

सांगितला.

"सुमनताई, मोठा घ्या. अजून एक अशी चूक झाली तर मला तुम्हाला बोलवावंच लागेल."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा इंची घेतला तर चूक होणार नाही. पण तो रेटत एसटीत चढायचं, एका हातात तो, एका हातात अण्णा, ते होणार नाही. आणि एवढा मोठा पाच तास बॅटरीवर चालत नाही, मुजीबभाईंना फोन करून विचारलं. म्हणजे मोठा घेतला की मी घरी टेबलावर, आणि अण्णांबरोबर दुसरं कुणीतरी.

१२ फेब्रु., गुरुवार

फोनवरचं बोलणं अण्णांनी ऐकलं होतं. सकाळी चहा घेताना, "मोठा आण. सतीश नेईल मला जीपनं. त्याला म्या इचारलंय."

परस्पर ठरवूनसुद्धा टाकलं. मला राग आला. म्हटलं, "त्या दिवशी हाक का मारली नाही ते आधी सांगा."

"तू डूटीवर हुतीस."

"म्हणून?"

"डूटीवरच्या माणसाला हात लावू नये. तुझी आई तुळजापूरला माझ्याच गाडीत बसायची. तिकीट फाडून द्यायचो अन् फुडं जायचो. उतरंस्तवर बोललो न्हाय कधी. तिनं बी हाक मारली न्हाय."

"तिला वाईट नाही वाटायचं?"

"इचारलं न्हाय."

वाईट वाटलं, ते लिहून ठेवते. कुणासाठी वाटलं ते अजून कळलेलं नाही. अण्णांच्या लेखी हा मान आहे. माझ्या नोकरीला एवढा मान पुण्यात कुणी दिलेला नाही.

मोठा घ्यायचं ठरवलं. बदलून घ्यायचा उद्या शेवटचा दिवस.

१३ फेब्रु., शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा. लॅपटॉप पुसून खोक्यात, खोकं पिशवीत. आज उघडायचा नाही.

सुया टोचून झाल्यावर अण्णांनी बघितलं. "आज डूटी न्हाय?"

"नाही. सुट्टी आहे."

"मग बोल की."

चार तास हातात आणि दोघांकडं मिळून एक वाक्य नाही. पाऊस, सतीशची जीप, संपलं. मग त्यांनी विचारलं, "पुण्यात जेवतीस कुठं?"

अकरा वर्षं पुण्यात आहे. हे पहिल्यांदा विचारलं. खानावळीच्या मावशींबद्दल सांगितलं, त्यांची वरण पातळ करण्याची हातोटी सांगितली. अण्णा हसले, मग विचारत सुटले. खोलीला खिडकी हाय का, आजारी पडलीस तर कोण बघतं. शेवटच्याला मी थाप मारली.

साडेतीनला पाय आखडला. त्यांनी सिस्टरकडं बघितलं नाही. पाय माझ्याकडं सरकवला. "धर. जरा जोरात."

आता सव्वासहा. हे स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय, पिशवी मांडीवर. दुकान आठपर्यंत उघडं. समोर तुळजापूरमार्गे गाडी लागलीय. अण्णांना मघाशी म्हटलं, तुम्ही बसा, मी बदलून येते. असं म्हणून मी उठले आणि परत बसले. त्याला आता पाऊण तास झाला.

अण्णांनी गाडीकडं बघितलं, दारातली माणसं मोजली असावीत.

"सुमे, काय ते ठरीव. गाडी भरतीया."