एक्क्याण्णव किलोंच्या वर

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच, डाव्या बरगडीमुळे वाकता येत नाही.) तुमचा खोकला हटला असेल, मामींचा डोळा निवळला असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

तुम्हाला ठाऊक आहेच, दिवसभर मी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतो आणि संध्याकाळी क्लबात बॉक्सिंग करतो. (दुसऱ्या कामामुळे पहिल्याला बरकत येते, हा तुमचा विनोद पोचला.) गेल्या महिन्यात स्पर्धा होती. माझा गट एक्क्याण्णव किलोंपर्यंतचा, मी भरलो चारशे ग्रॅम जास्त. दोन दिवस उपाशी राहिलो, डोकं भादरलं (केस साठ ग्रॅम, प्लास्टर मोजायच्या काट्यावर मोजले) आणि हद्दीच्या शंभर ग्रॅम खाली आलो. वजनाच्या रांगेत भोवळ आली. आमचे सर दगडाच्या काळजाचे, पण नेमका तेव्हाच त्यांना पाझर फुटला. त्यांनी मला मोठा पेलाभर पाणी पाजलं. काट्याने पाणीही मोजलं.

एक्क्याण्णवच्या वर एकच गट, आणि त्याला छप्पर नाही. खालच्यांना चार-चार किलोंवर नवा गट. चिमणी-साळुंकीत भेद करतात, पण रेडा आणि हत्ती एकाच दावणीला. माझ्या वाट्याला आला 'कपाट'. हा गोदामात ओझी उचलतो. वजन एकशे चौतीस, स्वभावाने गाय. मी त्याच्या पोटात जीव खाऊन ठोसा हाणला. तो म्हणाला, "काही म्हणालास?" नीट ऐकू यावं म्हणून तो वळला, आणि त्याच्या खांद्याबरोबर मी दोरांबाहेर गेलो. पंचांनी मोजलेले दहा आकडे मी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाखालून ऐकले.

लेक चौथीत आहे. पहिल्यांदाच बघायला आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, त्याला त्याच्याएवढा कुणी का नाही देत?" मामा, सात वर्षांत मी एकही लढत जिंकलेलो नाही, हे तिला माहीत नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा येणार आहे. वर्गातल्या चौघींना घेऊन.

उपाशी राहायला आता घरातून बंदी आहे. म्हणून चिटणिसांकडे अर्ज दिला: एकशे दहाच्या वर वेगळा गट हवा. ते म्हणाले, "अहो, एवढं जड झाल्यावर माणसाला काय फरक पडतो?" मी शर्ट वर करून बरगडी दाखवली. अर्ज मंजूर. कपाट तिकडे जाईल, मला छापखान्यातला बाइंडर येईल. तो पंच्याण्णव किलोंचा आहे आणि त्याला जिना चढताना धाप लागते. न्याय झाला म्हणायचा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : नव्या गटात निदान दोन नावं लागतात, नाहीतर गट रद्द आणि कपाट परत माझ्याकडे. एकशे दहाच्या वर क्लबात दुसरं कुणी नाही. तुमचा आकडा मामींनी कळवला, एकशे अकरा. तुमचं नाव दिलं आहे. (वयाची अट घालायची नियमावलीत राहून गेली आहे.)

ता. क. २ : लढायचं नाही. फक्त काट्यावर उभं राहायचं आणि मग माघार घ्यायची. कपाट तुम्हाला आणायला स्टेशनवर येणार आहे.

ता. क. ३ : मामी लिहितात, सोमवारपासून तुम्ही पथ्य सुरू करताय. मामा, आजवर एकही पथ्य पाळलं नाहीत. आत्ताच का?