आईनं तीनदा म्हटलं

मिरज, १४ जानेवारी २०२४

प्रिय सुगतदादा,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तू ओरडतोस आणि मग मला काही सुचत नाही, म्हणून लिहितेय. गेल्या रविवारी तू एमआयडीसीत पाळीला गेलास, तेव्हा मी आईजवळ होते. डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं सांगितल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. मी तिला तारणाचं सांगितलं. नुसतं चांगलं वागून कुणी तरत नाही, आपण सगळे पापी, येशूनं आपल्यासाठी प्राण दिला, त्याच्यावर विश्वास ठेवलास तर मेल्यावरही आपली ताटातूट होणार नाही. सांगता सांगता मला रडू कोसळलं. प्रभू येशू, मी पापी आहे, तूच माझा तारणारा, एवढं माझ्यामागून म्हण म्हटलं. दादा, तिनं हात जोडून म्हटलं, आणि तेही तीनदा! तेव्हा कुठे माझा जीव शांत झाला.

आमचे पाळक महिनाअखेरीस तिला बाप्तिस्मा द्यायला येतायत. चिडू नकोस.

लोभ आहेच, हे वाचूनही राहू दे.
तुझी करुणा

सोलापूर, १८ जानेवारी

चि. करुणास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाणारी आपली आई पापी? आणि बाप्तिस्म्याची तारीखही ठरली, घरात कुणाला न विचारता? तू ख्रिस्ती घरात लग्न केलंस तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. पण हे काय चालवलंयस?

तीनदाचं कौतुक सांगतेस, विहारातलं त्रिसरण विसरलीस वाटतं! हात जोडून कुणी म्हणायला लागलं की मागून तीनदा म्हणायचं, हे आईच्या अंगात मुरलंय. सवयीनं म्हटलं तिनं. आणि एक सांग, अण्णांसारखे आपले वडील तर येशूला न मानताच गेले. तुझ्या हिशेबानं ते आता कुठे आहेत?

तुझं पत्र आईच्या हातात दिलंय. ती स्वतः लिहिणार म्हणते.

लोभाचं नंतर बघू.
सुगत

सोलापूर, १९ जानेवारी

लाडक्या करुणीस,
आईचा जयभीम आणि तुझ्या घरच्यांना सलाम.

अक्षर सांभाळून घे, साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं हाय. तुमी दोघंबी चुकलाय. मी येशूची झाले न्हाय. आणि सुगत म्हणतो तसं सवयीनंबी म्हटलं न्हाय. तू हुंदके देत हुतीस गं. एकदा म्हटलं, तू थांबली न्हाईस. परत म्हटलं, तरी न्हाय. तिसऱ्यांदा थांबलीस, मग मीबी थांबले.

पण पापी म्हटल्यावर काळजात चर्र झालं. मी कुणाचं काय वंगाळ केलं, ते आठवत बसले. पोटच्या पोरीनं असं म्हणावं व्हय? आणि अण्णांना तितं जागा न्हाय, तर मी तितं एकटी जाऊन काय करू? ते कुटं असतील तितं मला ऱ्हाऊ दे की.

पाळकांना म्हणावं, चहाला या, लई आनंद हाय. डोक्यावर पाणी घालू नगा.

मेल्यावर भेट व्हनार न्हाय म्हणून एवढी रडलीस. जित्तेपणी मात्र वरसातनं एकदा येतीस, आणि तेबी लगीच परतीच्या गाडीचं बघतीस. मिरज काय लांब हाय? मी अजून हितंच हाय की. ये.

तुझी वाट बघणारी,
आई