बांधापलीकडचे ग्लास

बाबा,
कपाटात ग्लास नाहीत म्हणून ओरडू नका, कुठे किती पाणी पडतं ते मोजायला मीच ते शेतात मांडलेत. स्प्रिंकलर सोडले आणि सिएर्सो वारा सुटला, तर आपल्या मक्यातले ग्लास अर्धेही भरेनात. बांधापलीकडे ब्लासकाकांच्या लसूणघासातले मात्र भरत चाललेत! त्यांचा नळ तर बंदच होता. आपलं पाणी वारा पळवतोय हो, तुमचा भाऊ नव्हे! आणि तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याशी अबोला धरून बसलात. यापुढे वारा पडल्यावरच पाणी द्यायचं.

काकांना जेवायला आणायला चाललेय. ओव्हनमधलं कोकरू करपू देऊ नका. दोन ग्लास घासून टेबलावर ठेवलेत. वाईन तुम्हीच ओता, आणि आधी त्यांच्या ग्लासात.

ओरोसिया