उसन्या ओंब्या

राळेगाव, ५ फेब्रुवारी २०२५

चि. प्राची हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या चाचणीचे दोन्ही गहू आपल्या शेतात आहेत. आपल्याकडचा वसंती गहू छान निसवला, ओंब्यांनी भरला. तुझा थंड मुलखातला हिवाळी गहू मात्र नोव्हेंबरपासून जमिनीला चिकटून बसलाय, बदलीची वाट पाहणाऱ्या बाबूसारखा. शेजारच्या शेतातला फुलसिंग रोज विचारतो, का बाप्पा, हा काहून निसवून नाही राह्यला.

बारा तारखेला तुमच्या संशोधन केंद्राची समिती पाहणीला येते आणि तुझी नोकरी कायम होणं त्यावर आहे, हे काकू दिवसातून चारदा ऐकवते. निश्चिंत राहा. मी पस्तीस वर्षं कचेरीत काढली, इन्स्पेक्शन कसं पार पाडायचं ते जाणतो. फोन करू नकोस, तोंडी बोललेलं फाइलला लागत नाही.

तब्येतीस जप.
तुझा काका, दीनानाथ

पुणे, ९ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

हिवाळी गहू निसवला नाही, हे वाचून आनंद झाला. त्याला दीड-दोन महिने कडक थंडी लागते, ती राळेगावात पडत नाही, म्हणून तो आपल्याकडे चालणार नाही, हेच मला दाखवायचं आहे. माझा सगळा अहवाल त्यावर उभा आहे. तेव्हा त्याला काही करू नका. मी बाराला दुसऱ्या प्लॉटवर असेन. समितीला काकूच्या हातचा चहा तेवढा द्या.

माया आहेच, तशीच राहू द्या.
तुमची प्राची

राळेगाव, १३ फेब्रुवारी

चि. प्राचीस आशीर्वाद.

तुझं पत्र अजून नाही, पण इन्स्पेक्शन फत्ते. आमच्याकडे साहेब यायचे तेव्हा शेजारच्या हापिसातून खुर्च्या, पंखे, एकदा तर दोन शिपाईही उसने आणले होते. तोच शिरस्ता. फुलसिंगने आपल्या गव्हाच्या ओंब्या देठासकट दिल्या. काकू, फुलसिंगची बायको जमनी आणि तांड्यावरच्या अकरा बायांनी त्या हिरव्या दोऱ्याने तुझ्या गव्हाला बांधल्या. अठराशे भरल्या. जमनी म्हणे, लेकीची ओटी भरून राह्यलो असं वाटते.

समितीचे मोठे साहेब बांधावरूनच गहिवरले. पुढच्या वर्षी जिल्ह्यात चारशे एकर हाच गहू पेरू म्हणाले. पेढे पाठव.

तुझा काका

पुणे, १७ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

पत्र तीनदा वाचलं, मग रडले. फोन तुम्ही उचलत नाही. समितीने माझा अहवाल चूक ठरवून मला कायम करायचं थांबवलंय. खरं सांगितलं तर साहेब हसले, गव्हाला ओंब्या कोणी बांधतं का म्हणाले. पंचवीसला फोटो काढायला ते परत येतील. काका, माझं राहू द्या, पण त्या चारशे एकरांत लोकांच्या हाती नुसतं गवत लागेल. मी तुमच्यावर फार रागावले आहे. काय ते तुम्हीच निस्तरा.

प्राची

राळेगाव, २६ फेब्रुवारी

चि. प्राचीस आशीर्वाद.

लाज वाटते, तरी लिहितो. काल साहेब आले. ओंब्या वाळून पिवळ्या पडल्या होत्या, तर लवकर पिकणारं वाण म्हणून ते आणखीच खूश. मी कबुलीचा अर्ज पुढे केला. त्यांनी तो न वाचताच माझ्या विनयाचं कौतुक केलं.

मग मी वाफ्यात बसलो आणि दोरे सोडू लागलो. काकू बसली, फुलसिंग बसला. साहेबांनी एक ओंबी ओढून पाहिली, ती दोऱ्यासकट हातात आली. शेवटी पँट वर ओढून माझ्याशेजारी बसले आणि तेही सोडू लागले. दुपारपर्यंत हिरवं गवत तेवढं उरलं.

साहेबांनी वहीत लिहिलं की हिवाळी गहू, राळेगाव, ओंबी नाही, प्राचीताईंचा अहवाल बरोबर. तुझं कायम झाल्याचं पत्र निघेल म्हणाले. खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. कचेरीत अशा हजारो सह्या न वाचता ठोकल्या. काल ओळ न् ओळ वाचून केली.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
तुझा काका