दुर्बिणीच्या चाकावरची लाल खूण

बाबा,

तुम्ही पाटावर मांडी घालून मटार सोलायचात. आई पोळ्या लाटत असायची, मी गणवेश न बदलताच तुमच्यासमोर बसायची आणि तुम्ही शेंगेवरची नजर न उचलता विचारायचात, "आज येताना काय पाहिलंस?" चिंचवडच्या शाळेपासून पिंपळे गुरवच्या आपल्या घरापर्यंतचा रस्ता मी तुम्हाला सांगायची. वाटलं ते नाही, ऐकलं ते नाही, पाहिलं ते. नीट सांगितलं की एक कोवळी शेंग माझ्या तळहातावर यायची. एकदा मी सांगितलं की कंपनीच्या गेटवर संपवाल्यांची मारामारी झाली, एकाने दुसऱ्याच्या डोक्यात सायकलची चेन घातली, तो पडला आणि बहुतेक मेला. तुमचा हात इतक्या झटकन आला की मुठीतले दाणे माझ्या कानावर फुटले. "मेला की पडला?" "पडला." "हलत होता?" "एक पाय हलत होता." "मग तेवढंच सांग. बहुतेक म्हणजे आपलं पाप दुसऱ्याच्या डोक्यावर." आई लाटणं थांबवून म्हणाली, "अहो, पोर आहे ती, साक्षीदार नाही." तुम्ही म्हणालात, "डोळे आहेत ना तिला? मग साक्षीदारच." जेवताना मात्र माझ्या ताटात सगळ्यात जास्त मटार तुम्हीच वाढलेत. माझा गाल ठणकत होता आणि मला तुमच्यासारखा माणूस जगात दुसरा नाही असं वाटत होतं.

शाळेतल्या मुलींना वाटायचं की माझे वडील रेसकोर्सवर आहेत म्हणजे रोज हॅट घातलेल्या बायका आणि चकाकते घोडे बघत असतील. तुम्ही वळणावरच्या लाकडी मनोऱ्यात उभे राहायचात. कोण कुणाला आडवा गेला, कुणी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त चाबूक मारला, हे पाहून लिहायचं, ही तुमची नोकरी. शर्यत संपली की तुम्ही घामेजल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावरून तळवा फिरवायचात आणि वळ बोटांनी मोजायचात. एखादा घोडा वळणावर कोसळला तर सर्वांत आधी तुम्हीच खाली धावायचात. पुढचा पाय गुडघ्याखाली नुसता कातड्याला लोंबत असला तरी घोडा उठून पळायला बघतो, असं तुम्ही सांगितलं होतंत. चारी बाजूंनी कापडाचा आडोसा धरायचे, डॉक्टर पिस्तूल काढायचे आणि तुम्ही त्याच्या मानेवर गुडघा रोवून तळहाताने त्याचा डोळा झाकायचात. अशा दिवशी तुमच्या बाह्या आई थंड पाण्यात मीठ घालून भिजवायची. गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं, हे मला आईनेच शिकवलं. एका जॉकीने, तुमच्या नोंदीमुळे त्याच्यावर बंदी आली म्हणून, सायकल स्टँडवर तुम्हाला चाबकाने मारलं. घरी येऊन तुम्ही शर्ट काढलात, आरशात पाठ पाहिलीत आणि वहीत लिहिलंत, "दोन फटके. डावा खांदा. पहिल्याने कातडी फाटली, दुसऱ्याने नाही." आईने हळद लावताना विचारलं, "दुखतंय का तेही लिहा की." तुम्ही म्हणालात, "ते दिसत नाही."

तुमची दुर्बीण देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगलेली असायची. चष्मा काढून तुम्ही ती डोळ्यांना लावायचात, म्हणून तिचं चाक तुमच्या डोळ्यांपुरतं जुळवलेलं होतं. त्या चाकावर तुम्ही आईच्या नेलपॉलिशची लाल खूण केली होती, म्हणजे कुणी फिरवलं की कळावं. मी एकदा फिरवलं. तुम्ही पट्टीने माझ्या बोटांच्या पेरांवर दोन मारल्यात. शाळेत सिस्टर मारायच्या त्याहून जोरात. "माझे डोळे आहेत ते," तुम्ही म्हणालात. "त्यांना हात लावायचा नाही." त्यानंतर मी तिला हात लावला तो थेट घाटात.

निघोज्याकडच्या आपल्या गावाच्या यात्रेत बैलगाड्यांचा घाट भरायचा, म्हणजे चढावरची शर्यत. चार बैलांचा गाडा, गाड्यात माणूस नाही, पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. एका धावेला बारी म्हणतात, आणि चढावरची ती बारी श्वास धरावा इतक्या वेळात संपते. बैल उसळावेत म्हणून सुटण्याच्या क्षणी त्यांना पराणी टोचायचे, टोकाला खिळा ठोकलेली काठी. आदल्या वर्षी असा टोचलेला बैल जोखड तोडून गर्दीत शिरला होता आणि त्याने एका म्हाताऱ्याचं पोट शिंगाने फाडलं होतं. म्हणून गावाने ठरवलं, यंदा खिळा नाही. जो मारेल त्याची बारी बाद आणि तो माणूस जन्मभर घाटातून बाद. पण सांगणार कोण? सगळी भावकी. मग तुम्हाला बोलावलं. रेसकोर्सवरचा साहेब, भावकीतला पण शहरात राहणारा. मी चौदा वर्षांची होते, हट्टाने बरोबर आले. मचाणावर तुमच्याशेजारी बसले.

दुपारपर्यंत तुम्ही दोन बाऱ्या बाद केल्यात आणि लोकांनी कुरकुरत का होईना ऐकलं. मग एका बारीत मचाणाच्या अगदी खाली घोडी पडली. मागून येणारे चार बैल तिच्यावरून गेले, गाड्याचं चाक तिच्या बरगड्यांवरून गेलं. स्वार फेकला गेला म्हणून वाचला. घोडी मान उचलून उठायला बघत होती आणि पोटातून येणारा तो आवाज मी आजही नीट सांगू शकणार नाही. तुम्ही दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवलीत. "खाली सुटण्याच्या जागेकडे बघत राहा. मी आलो." शिडीवरून उतरलात, तिच्या मानेवर गुडघा टेकलात आणि तिचा डोळा झाकलात. सवयीने. इथे डॉक्टर नव्हता, पिस्तूलही नव्हतं. शेवटी कुणीतरी कुऱ्हाड आणली. तिला बाजूला ओढून नेलं आणि तुम्ही मचाणाकडे वळलात, एवढ्यात तुमच्या खुणेची वाट न पाहता खालून पुढची बारी सुटली. ती आपल्या थोरल्या काकांची होती. बैल धरायला त्यांचा मोठा मुलगा, दादा.

तुम्ही शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, घाटाकडे पाठ. वर बघून ओरडलात, "पराणी मारली का? हो की नाही?"

बाबा, एवढ्या वर्षांत तो प्रश्न तुम्ही मला तशा शब्दांत कधीच विचारला नव्हता. काय पाहिलंस, असं विचारायचात. मला दादाचा हात वर गेलेला दिसला होता आणि बैल उसळलेला दिसला होता. मधलं मला एकाच शब्दात सांगता आलं असतं आणि तो शब्द आपल्या घरात चालत नव्हता. मी म्हणाले, "मारली."

तुम्ही निशाण आडवं केलंत. बारी बाद.

काका चढ चढून आले तेव्हा त्यांच्या हातात जूची शिवळ होती, हातभर लांबीची लाकडी खुंटी. बैलाच्या मांडीवर रक्त होतं, पण ते खिळ्याचं की गाड्याच्या कडेचं हे कोण सांगणार? "धाकल्या, तुजी तर पाठ व्हती," काका म्हणाले. "मागं काय डोळं हायेत का तुला?" सगळे थांबले. तुम्ही एकदाही वर, माझ्याकडे पाहिलं नाहीत. "मी पाहिलं," म्हणालात.

"खोटं बोलतूय," कुणीतरी म्हणालं. "रक्ताच्या भावाला बुडवतूय."

"भाऊ, मी पाहिलं."

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा चुकवायला तुम्ही मान वळवलीत आणि तो डाव्या डोळ्यावर आला. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. मग काका एकटे राहिले नाहीत. लाथा, दगड, कुणाची चप्पल, कुणाच्या हातात आधी बाद झालेल्या गाड्याची काठी. तुम्ही दोन्ही हातांनी तोंड झाकून कुशीवर पडला होतात आणि घोडीचं रक्त आणि तुमचं रक्त एकाच मातीत होतं. मी मचाणावरून हलले नाही. दुर्बीण गळ्यात होती. तुमच्यावर आडवा पडला तो दादा. आपल्या बापाच्या लाथा पाठीवर घेत त्याने तुम्हाला ओढून बाहेर काढलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून चाकणला नेलं. वाटभर तो एवढंच म्हणत होता, "चुलतं, म्या न्हाई मारली. आईची आण, म्या न्हाई मारली." तुमच्या तोंडात रक्त होतं. दुर्बीण ट्रॉलीच्या फळीवर आपटून डाव्या बाजूची काच तडकली.

दवाखान्यात पट्टीखालून तुम्ही मला एकदाच विचारलंत, "तू पाहिलंस ना?" मी म्हणाले, "हो." तुम्ही माझा हात थोपटलात आणि आईला वही मागितलीत. एका डोळ्याने, वाकड्या अक्षरात लिहिलंत, "पराणी मारली. स्वतः पाहिले." तुमच्या सगळ्या वह्यांमध्ये खोटं वाक्य ते एकच, आणि ते तुम्ही गर्दीपुढे माझं नाव येऊ नये म्हणून लिहिलंत. पोलिसांत तक्रार केली नाहीत. एका डोळ्याचा माणूस मनोऱ्यात ठेवत नाहीत. तुम्हाला कचेरीत बसवलं, जुन्या नोंदी लावायला. काचेचा डोळा तुम्ही झोपताना वाटीत काढून ठेवायचात आणि सकाळी मी ती वाटी तुमच्या हातात द्यायची. तुम्ही हसून म्हणायचात, "बघ, नीट धुतलाय का." गावाला पुन्हा गेला नाहीत. काका गेले तेव्हा सुतक पाळलंत, पण दारापर्यंत गेला नाहीत. दादाला गावाने खिळेवाला नाव ठेवलं. त्याचं लग्न दोनदा मोडलं.

शाळेत ख्रिस्ती मुली ठरलेल्या दिवशी चॅपलमध्ये पापाची कबुली द्यायला जायच्या आणि आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर बसायचो. त्या आत जाऊन दोन मिनिटांत हलक्या होऊन यायच्या, वेण्या उडवत. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. पुढे मी चाकणच्या एका कंपनीत पर्सोनेल विभागात लागले. प्रेस मशीनमध्ये कुणाची बोटं गेली की चौकशी माझ्याकडे यायची. कामगार सांगायचा, "मॅडम, बहुतेक त्यानंच बटण दाबलं," आणि मी पेन खाली ठेवून म्हणायची, "बहुतेक ना? मग तसंच लिहिते." त्यांना वाटायचं, बाई मवाळ आहे.

यंदा यात्रेला गेले. बंदी उठली, घाट पुन्हा सुरू झालाय. आता कॅमेरे असतात, डॉक्टर असतो, काठी कुणाच्या हातात दिसली तरी स्पीकरवरून नाव पुकारतात. दादा घाटाबाहेर रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. मिशा पांढऱ्या, पाठीत बाक. कंपनीच्या पोरांना खोल्या भाड्याने देतो. स्पीकरवर बाऱ्या ऐकत होता. आत गेला नाही.

"आत का नाही येत?" मी विचारलं.

"आमी बाद हाय न्हवं का," तो हसून म्हणाला. "बस, बाय. चा घेती का?"

चहा आला. तो बशीत ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कासरा बैलाच्या शिंगात गुतला व्हता. त्यो काढाया हात वर केला. खुणंसाठी मचाणाकडं बघत व्हतो म्या. चुलत्यांची पाठ व्हती. दुर्बीण तुज्या डोळ्याला व्हती."

मी कप खाली ठेवला. "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"माज्या बाच्या हातात शिवळ व्हती की," तो म्हणाला. "तुज्यावर आला असता."

 चहा तसाच ठेवून मी आले, बाबा.

म्हणून आज कपाट उघडून बसले आहे. माझ्यामागे कुणाला काय द्यायचं ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवते, सून वाचेल आणि तसंच करेल. आईचं लाटणं आणि पाट सुनेलाच. रेसकोर्सच्या वह्या नातीला, तिला घोड्यांची चित्रं काढायला आवडतात, आणि समासात तुम्हीही काढली आहेत. वळांची पानं तिने मोठी झाल्यावर वाचावीत. तुमचा काचेचा डोळा माझ्याबरोबर जाळावा. घाटाच्या वहीतलं ते एक पान फाडून यात्रेच्या कमिटीला द्यावं. तुमच्या ओळीखाली मी लिहिलं आहे, "पाहणारी मी होते. हात वर गेला. बैल उसळला. पराणी दिसली नाही." पुढच्या यात्रेत पहिल्या बारीआधी हे स्पीकरवर वाचावं, माझ्या नावासकट. मी असेन तर मी वाचीन. दुर्बीण दादाला. तडकलेली काच बदलू नये. पण त्याला सांगावं की लाल खुणेकडे लक्ष देऊ नकोस, चाक आपल्या डोळ्यांप्रमाणे फिरवून घे.

हे पत्र मात्र त्या सामानात नाही. ते इथेच, तुमच्या शर्टांच्या घडीखाली राहील. कारण एक गोष्ट मी त्या पानावरही लिहिलेली नाही. त्या दिवशी दुर्बिणीतून मला हातसुद्धा नीट दिसला नव्हता. सगळं धुरकट होतं, माणसं आणि बैल एकमेकांत मिसळलेले. चाक जरासं फिरवलं असतं तर दिसलं असतं. बोट चाकावर ठेवलंही होतं. मग पेरांवर बसलेली पट्टी आठवली, आणि मी ते काढून घेतलं.